फौजी एकटाच गंजी मोकळी करतो

कंधार तालुक्यात रामलिंग फौजीचं नाव कुणालाबी इचारा, बोट करून घर दाखवतील. आन् त्याला फौजी कुणी केलं ते इचारलं तर शेषेरावचं नाव सांगतील. न्हाई सांगितलं तर शेषेराव सवता सांगंल. रामलिंगचा थोरला भाऊ त्यो. शाळा सातवीपस्तोर, पण बैल पारखणं म्हणा, सौदा म्हणा, चार लोकात बोलणं म्हणा, मास्तर लोक त्याच्यापुढं गप बसतात. रामलिंगला पळायला शिकवलं ते त्यानंच. पहाटं गावापासून फाट्यापस्तोर रामलिंग पुढं पळायचा आन् शेषेराव मागून सायकलीवर, हातात तुराटी. नांदेडच्या भरतीत मैदान पोरांनी भरलं व्हतं. रामलिंग पहिल्या दोघा-चौघात आला. त्या दिशी कुंपणाच्या भायेरून शेषेराव असा वरडला की शिपायानं त्याला दोनदा मागं सारलं.

पुढं रामलिंग हवालदार झाला. सुट्टीवर आला की शेषेराव त्याला मोटारसायकलवर मागं बसवून कंधारच्या बाजारात न्यायचा. काम काहीच नसायचं.

"हे आमचे धाकटे. बर्फात ड्युटी हाय त्यायची."

"आरं मागल्या येळेस बी सांगितलास की शेषेराव."

"मागल्या येळेस त्यो नाईक व्हता. आता हवालदार हाय. नवीन सांगून राहिलो."

रामलिंग मागं बसून हसायचा. गडी मूळचाच कमी बोलणारा. दोघा भावांचं बोलणं एकटा शेषेरावच बोलायचा.

मंग ड्युटी व्हती त्या पहाडात दरड कोसळली. रामलिंगच्या तुकडीतले तिघं तंबूत झोपले व्हते, त्यायच्यावर अख्खा डोंगर बसला. रामलिंग ड्युटीवर भायेर व्हता म्हणून वाचला. मशीन यायला येळ लागला, तवर त्यानं हातानं माती उपसली. नखं निघून गेली. माणसं हाताला लागली तवा थंड पडली व्हती. हे रामलिंगनं घरी कधीच सांगितलं न्हाई. त्याला घरापस्तोर सोडायला आलेल्या एका जवानानं शेषेरावला वसरीत बसून सांगितलं, आन् चहा अर्धाच ठिवून त्यो उठला.

त्याच्या आधी फौजेच्या दवाखान्यात रामलिंगचे लई महिने गेले व्हते. शेवटाला डॉक्टर लोकायचा बोर्ड बसला आन् त्याला घरी पाठवलं. बिमारीचं नाव इंग्रजीत, लांबलचक. शेषेरावनं त्याचा एकच अर्थ काढला, टेन्शन. पण दोन गोष्टी बोर्डानं साफ लिहून दिल्या व्हत्या. एक, ही बिमारी नोकरीमुळंच झाली. दुसरी, अपंगत्व चाळीस टक्के. काही वर्सांनी परत बोलावू, परत तपासू. त्या टक्क्यावर बिमारीची पेन्शन लागली. त्यातच रामलिंगचं घर चालायचं, गोळ्या चालायच्या.

गावात शेषेरावनं एवढंच सांगितलं, "फौजी पेन्शनीवर आलाय." कशाची पेन्शन ते कुणी इचारलं न्हाई आन् त्यानं सांगितलं न्हाई.

पहिल्या वर्सी सोयाबीन कापलं. वावरात कापलेलं रचून गंजी घातली, ताडपत्री झाकली, चारीकडून दगड ठिवले. मळणीचं मशीन दोन दिवसानं येणार व्हतं. दिवस मावळायच्या येळेला रामलिंगची बायको उज्वला पळत शेतातून आली. शेषेरावपुढं ती कधी बोलत न्हाई. आमच्याकडं धाकट्याची बायको भायापुढं तोंड उघडत न्हाई, थोरला दीर वसरीत असला की पदर पुढं वढून ती मागल्या दारानं जाती. ती दारातच उभी राहिली, आन् शेषेरावच्या बायकोच्या कानात पुटपुटली, "अक्का, त्यायला म्हणावं वावरात चला."

शेषेराव गेला. बघतो तर ताडपत्री फाडलेली, गंजी चारीकडं उधळलेली, आन् रामलिंग गुडघ्यावर बसून दोन्ही हातानं सोयाबीन मागं फेकून राहिलेला. हाताला काड्या घुसून रक्त आलेलं. तोंडानं काहीतरी पुटपुटत व्हता. तेवढ्यात शेजारचा व्यंकटी बांधावरून म्हणाला, "काय चाललंय रं शेषेराव?"

शेषेरावच्या तोंडातून क्षणात निघालं, "फौजी गंजी मोकळी करून राहिला. दमट व्हती, वाळायला पायजे. एकटा चार गड्यायचं काम करतो बघ."

व्यंकटी बघतच राहिला. "फौजेतली ताकद हाय बाबा," म्हणून गेला. शेषेरावनं रामलिंगला काखेत धरून घरी आणलं. पण त्याची ती गोष्ट गावात पसरली, आन् चांगली पसरली. दरवर्सी सोयाबीनच्या दिवसात असंच झालं, आन् दरवर्सी लोक म्हणाले, शेषेरावचा फौजी एकटाच गंजी मोकळी करतो. शेषेरावलाबी बोलून बोलून ते अर्धं खरं वाटायला लागलं.

त्यात तनुजाची, म्हंजे शेषेरावच्या पोरीची, निलंग्याला सोयरीक जमत आली. पाहुणे रीतीचे. घरात कुणाचं डोकं ठिकाणावर न्हाई असं कानावर गेलं तर उठून जाणारे. मंग तर तोंड अजूनच बंद झालं.

परत तपासायचं बोलावणं आलं तवा शेषेरावनं तयारी केली ती लग्नाला करावी तशी. रामलिंगची दाढी घोटून घेतली. इस्त्रीचा शर्ट, बूट चकचकीत, छातीवर मेडल. गाडीत बसल्यावर म्हणाला, "सायेबापुढं कडक उभं राहायचं. आपल्या घराण्याचं नाव हाय."

"हाव भाऊ," रामलिंग म्हणाला.

उज्वला बरोबर व्हती, बोलावणंच तसं व्हतं, घरचं माणूस आणा म्हणून.

डॉक्टर हिंदीवाला, बोलायला मऊ. रामलिंग त्याच्यापुढं सावधान उभा राहिला. डॉक्टरनं बसायला सांगितलं तर खुर्चीच्या काठावर ताठ बसला.

"नींद आती है?"

"आती है साब."

"सपने?"

"नहीं साब."

"कोई तकलीफ?"

"नहीं साब. फिट है साब."

शेषेरावची छाती फुगली. मंग डॉक्टरनं उज्वलाकडं बघितलं. "आप बताइए. घर में कैसे रहते हैं?"

उज्वलानं पदर वढला. वठ हलले, आवाज निघाला न्हाई. शेजारच्या खुर्चीवर भाया बसला व्हता.

"उसकू क्या पूछते साब," शेषेराव म्हणाला, "मैं हूँ ना बडा भाई. मेरेकू पूछो. एकदम बढिया है. खेती में चार आदमी का काम अकेला करता."

"अकेला?"

"अकेला साब. सोयाबीन का इत्ता बडा ढेर, हाथ से खोल देता. औजार नहीं लगता उसकू."

डॉक्टरची मान वर झाली. "हाथ से?"

"हाथ से साब."

डॉक्टर थांबला. परत एकदा उज्वलाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत व्हती. त्यानं लिहिलं, आन् शेषेरावला खाली सही करायला लावली. शेषेरावची सही मोठी हाय, शेवटी दोन रेघा मारतो. त्या दिशी तीन मारल्या.

टक्का आला पंधरा. बिमारीची पेन्शन बंद.

शेषेरावला आधी वाटलं, छापायला चुकलं. तालुक्याला एकानं सांगितलं, लातूरला गुरुबसप्पा सुभेदार हायत, माजी सैनिकायची असली कामं तेच बघतात. कंधारहून यष्टीनं दोघं भाऊ आन् उज्वला, तिघंबी लातूरला गेले. डाळमिलच्या मागच्या गल्लीत सुभेदाराची एक खोली. टेबलावर, फायलीवर, सुभेदाराच्या भुवईवरबी डाळीची पिवळी धूळ. मूळचे कर्नाटक हद्दीकडचे, पण बोलणं आपलंच.

त्यायनी चष्मा लावून कागद वाचला. वाचता वाचता थांबले. "शेतात चार माणसांचं काम एकटा करतो. अय्यो. हे कोण बोललं बोर्डापुढं?"

"मी बोललो," शेषेराव म्हणाला. "का, वाईट बोललो का?"

"बसा शेषेराव. टक्का म्हंजे काय ते तुम्हाला ठाऊक हाय का?"

"बिमारी किती मोठी त्याचं माप."

"न्हाई. बिमारीनं माणसाचं किती बंद पडलं, त्याचं माप. पाय गेला तर डॉक्टरला दिसतो. डोक्याचं दिसत न्हाई. म्हणून ते इचारतात. झोपतो का, सवता आंघोळ करतो का, बाजारात एकटा जातो का, आवाजाला भेतो का, माणसात बसतो का. जितकं बंद पडलंय तितका टक्का. वीसच्या खाली गेला की बिमारी कागदावर राहती, बाकी काही राहत न्हाई."

"पण हा तर गोळ्या घेऊन बरा दिसतो त्यायला."

"तेच की. गोळ्या घेऊन, दाढी करून, मेडल लावून एक घंटा कुणीबी बरा दिसतो. आन् फौजी माणूस सायेबापुढं तकलीफ सांगत न्हाई, त्याला शिकवलंच न्हाई तसं. म्हणून घरच्याला बोलावतात. जो त्याच्यासंगं राहतो त्याला."

खोलीच्या दारात उंबऱ्यावर उज्वला बसली व्हती, तोंड गल्लीकडं करून. रामलिंग भायेर यष्टी स्टँडकडं जाणाऱ्या मोटारी मोजत उभा व्हता. उज्वला सुभेदाराला म्हणाली, "काका, मंग ह्यायला काय झालंच न्हाई, असं लिहिलंय का सरकारनं?"

लग्नाला इतकी वर्सं झाली, शेषेरावनं तिचं पुरं वाक्य पहिल्यांदा ऐकलं. आवाज जाड व्हता. त्याला वाटलं व्हतं बारीक असंल.

"तसंच झालं बाई," सुभेदार म्हणाले. "गंजीचं काय ते मला सांग."

उज्वलानं मान वळवली न्हाई. "ते गंजी मोकळी करत न्हाईत काका. माणसं काढतात. तिघायची नावं घेऊन काढतात. मंग मला म्हणतात, पाणी आण, ह्याच्या तोंडात माती गेलीय."

डाळमिलचा आवाज येत राहिला. शेषेराव टेबलावरच्या धुळीत बोटानं रेघ वढत बसला. त्याला ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"अपील करू," सुभेदार म्हणाले. "दुसरा बोर्ड बसंल. ह्या येळेला गावातल्या दोघातिघायची जबानी लावू. पोलीस पाटील, शेजारी. काय बघितलं ते त्यायनी सांगायचं."

"गावातलं कुणी नको."

"का?"

"पोरीचं निलंग्याला जमत आलंय."

सुभेदारायनी चष्मा काढून टेबलावर ठिवला. "मंग एकच वाट राहिली. उंबऱ्यावरच्या ह्या पोरीनं बोलायचं. आन् तुम्ही भायेर बसायचं. आत पाय ठिवायचा न्हाई."

"मी थोरला असून भायेर?"

"थोरले हाव म्हणूनच."

शेषेराव उठून भायेर गेला. रामलिंगच्या शेजारी उभा राहिला. "काय मोजून राहिलास?"

"काही न्हाई भाऊ. मोजलं की बरं वाटतं."

परत खोलीत येऊन शेषेराव म्हणाला, "करा अपील. बसतो मी भायेर."

दुसरा बोर्ड हिवाळ्यात बसला. ह्या येळेला डॉक्टरीणबाई मराठी, पुण्याकडची, केसात पांढरं आलेलं. शेषेराव भायेरच्या बाकड्यावर बसला. शेजारी एक म्हातारा फौजी व्हता, त्यानं इचारलं, "कोण आलंय आत?" शेषेराव नुसतं "घरचे" म्हणाला. दार बंद. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा उज्वलाचा आवाज आला असं वाटलं, जाड, सरळ, न थांबता बोलत असल्यासारखा. शेषेराव बाकड्यावर सरकून दाराजवळ बसला, मंग लाज वाटून परत जाग्यावर गेला. गाय अडली तर हात घालून वासरू काढणारा माणूस त्यो. इथं त्याला करायला काहीच नव्हतं.

लई येळानं शिपाई भायेर आला. "बडा भाई कौन है? अंदर बुलाया."

शेषेरावला सुभेदाराचं आठवलं, आत पाय ठिवायचा न्हाई. पण बोलावलं तर काय करणार.

आत उज्वलाचे डोळे लाल. रामलिंग भिंतीकडं बघत बसलेला. बाईपुढं जुना कागद.

"बसा," बाई म्हणाल्या. "यांच्या पत्नीनं मला बरंच सांगितलं. तुमच्या सहीखाली मात्र वेगळंच आहे. शेतात चार माणसांचं काम करतात, काही त्रास नाही. यातलं खरं काय?"

"तिचं खरं."

"मग तुम्ही बोर्डासमोर खोटं बोललात?"

शेषेरावला भर बाजारात कुणी असं इचारलं असतं तर त्यानं गचांडी धरली असती. त्यानं रामलिंगकडं बघितलं न्हाई. "हाव मॅडम. खोटं बोललो."

"तेव्हा खोटं बोललात की आत्ता?" बाईचा आवाज चढला नव्हता. "राग मानू नका. टक्का कमी झाला की लोक येतात आणि असंच सांगतात. मी कसं ओळखायचं?"

"मी कशाला खोटं बोलू मॅडम?"

"मागच्या वेळी कशाला बोललात?"

ह्याला जवाब व्हता. घराण्याचं नाव, गावची चारचौघं, निलंग्याचे पाहुणे. त्या खोलीत त्यातलं एकबी बोलण्यासारखं नव्हतं. शेषेराव म्हणाला, "तुम्ही गावात येऊन बघा."

"आम्हाला तसं येता येत नाही. गावातल्या कोणाचा जबाब आहे?"

"न्हाई."

बाईनी पेन खाली ठिवला. "मग तुम्हीच सांगा, तुम्ही काय पाहिलंय."

शेषेरावनं घसा खाकरला. चार लोकात घंटाघंटा बोलणारा माणूस, शब्द धुंडायला लागला. "त्यो गंजी मोकळी करत न्हाई मॅडम. त्यो आत माणसं धुंडतो. रडतो. मी त्याला काखेत धरून घरी आणतो. लेकरासारखा धुतो त्याला हापशावर. पावसाळ्यात दरवाजा लावू देत न्हाई. घरात झोपत न्हाई. त्याला..."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रामलिंग उभा राहिला व्हता. टाच जुळवलेली, हात मांडीला चिकटलेले, नजर बाईच्या डोक्यावरून पल्याड.

"मॅडम, माझा भाऊ खोटं बोलत न्हाई."

"बसा रामलिंग," बाई म्हणाल्या. "कोणी तुमच्या भावाला..."

"भाऊनं मागल्या येळेस सही केली ते खरं हाय. भाऊची सही खोटी नसती. मी फिट हाय मॅडम. गंजी मी मोकळी करतो. दमट असती. वाळायला पायजे."

"आवं, बसा की तुम्ही," उज्वला म्हणाली. भाया समोर असून बोलली, आन् तिच्या ते ध्यानात बी आलं न्हाई. "सांगू द्या त्यायला."

"भाऊला खोटारडं म्हणून राहिलीस का तू?" रामलिंग तिच्याकडं न बघता म्हणाला. त्याचा आवाज परेडवरचा. मांडीला चिकटलेला हात कापत व्हता, आन् त्यो त्याला दाबून धरून व्हता. ते शेषेरावला बाजूनं दिसत व्हतं. टेबलाच्या पल्याडून बाईला दिसत व्हतं का न्हाई, देव जाणे.

"मॅडम, त्याचा हात बघा," शेषेराव म्हणाला.

बाईनी वाकून बघितलं. तवर रामलिंगनं मूठ आवळली व्हती. मूठ दगडासारखी घट्ट.

"स्वप्नं पडतात?" बाईनी इचारलं.

"नहीं मॅडम."

"त्या तिघांची नावं सांगाल मला?"

रामलिंगनं परत टाच जुळवली. "याद नहीं मॅडम."

उज्वलानं तोंडाला पदर लावला.

बाईनी पेन परत उचलला. मंग म्हणाल्या, "तुमच्या पत्नीनं सांगितलेलं मी पूर्ण लिहिते. तुम्ही सांगितलेलंही लिहिते. पण तुमची जुनी सही आहे, आणि माणूस स्वतः समोर उभा राहून ठीक आहे म्हणतोय. यावर टक्का वर नेणं माझ्या हातात नाही. एक टक्काही नाही. पुढं कोर्टात जाता येतं तुम्हाला." कागद मिटून त्या म्हणाल्या, "गोळ्या बंद करू नका मात्र. कितीही बरं वाटलं तरी."

भायेर बाकड्यावर तिघं बसले. उज्वला एका टोकाला, भिंतीकडं तोंड करून. शेषेरावचा फोन वाजला. लातूरहून गुरुबसप्पा सुभेदार व्हते.

"काय झालं?"

"न्हाई झालं."

"का? पोरगी बोलली न्हाई का?"

"लई बोलली ती. चांगली बोलली."

"मंग?"

शेषेराव उठून व्हरांड्याच्या कडेला गेला. सुभेदार म्हणाले, कोर्ट हाय, पण त्याला वर्सं लागतात, आन् तिथंबी ह्याच दोन गोष्टी समोर येणार, तुमची सही आन् त्याचं बोलणं. गावचे जबाब आता तरी घ्या. शेषेराव हाव म्हणाला. कोर्टात जाऊन परत हेच बोलायचं, परत रामलिंगच्या समोर. आन् परत त्यो उठून उभा राहणार, हे त्याला आताच दिसत व्हतं. न बोलावं तर घर कसं चालायचं, ते बी दिसत व्हतं. फोन कानाला धरून त्यो उभा राहिला. सुभेदारानं तिकडून कवाच ठिवला व्हता.

मागं येऊन त्यो बाकड्यावर बसला. रामलिंगनं आता मूठ सोडली व्हती. हात मांडीवर उघडा पडला व्हता, आन् सगळी बोटं कापत व्हती. शेषेरावनं त्याच्यावर आपला हात ठिवला.

"भाऊ," रामलिंग हळू म्हणाला, "बरोबर बोललो ना मी?"

शेषेरावनं उज्वलाकडं बघितलं. ती ऐकत व्हती.

"हाव," शेषेराव म्हणाला. "बरोबर बोललास."